पाच बोल्टांचा रुबाब

हळद शिजवायचा माझा कुकर ट्रॅक्टरच्या मागे एखाद्या गावात शिरला की कुणीतरी हमखास विचारतं, "किती वर्सं झाली हो ह्याला?" मग मी मुद्दाम थांबतो. घसा साफ करतो. बॉयलरवर हात ठेवतो आणि विचारणाऱ्यालाच विचारतो, "कुठल्या भागाचं वय सांगू?"

माणसं हसतात, पण मी थट्टा करत नसतो. चाकं तिसरी आहेत. बॉयलर दुसरा आहे. चार ड्रमांपैकी एक गेल्या संक्रांतीला आला, एकाचा फक्त तळ नवा आहे, एकाला नवीन झाकण आहे. वाफेचा दाब दाखवणारं घड्याळ कितवं ते मलाही आठवत नाही. पहिल्या दिवसापासून चालत आलेला असा एकच भाग त्यात उरलाय, तो म्हणजे मी. आणि माझेही दोन दात बदललेले आहेत.

ज्यांनी हळद फक्त डब्यात बघितली आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हळद जमिनीतून निघते तेव्हा ओली असते, आल्यासारखी. ती काढल्यावर दोन-तीन दिवसांत शिजवावी लागते, मग पंधरा दिवस उन्हात वाळवावी लागते, मग फिरत्या पिंपात घालून घासून चकाकी आणावी लागते. यातलं शिजवणं बिघडलं की पुढचं सगळं बिघडतं. कच्ची राहिली तर आतून काळपट, जास्त झाली तर भुसभुशीत. माझ्या वडिलांच्या वेळी मोठ्या कढईत पाणी, वर हळद, त्यावर हळदीचाच पाला, त्यावर ओली पोती असा थाट असायचा. एक कढई उतरेपर्यंत माणूस स्वतःच अर्धा शिजायचा.

मी ह्या धंद्यात उतरलो तो एका अखंड यंत्रानिशी. खाली चूल, तिच्यावर पाणी, पाण्यावर जाळी, जाळीवर हळद, सगळं एकाच लोखंडी पोटात. हत्तीएवढं पिंप होतं. गावच्या गणपतीत मी दरवर्षी नाटकात काम करायचो, बहुतेक वेळा राजाचं, कारण माझा आवाज मोठा आणि पाठांतर कच्चं. राजाला चार वाक्यं विसरली तरी चालतं, तो नुसता येरझाऱ्या घालू शकतो. त्यामुळे यंत्रही मला राजासारखंच हवं होतं. एकटं, भव्य, सगळं आपल्याच अंगावर घेणारं.

दोन हंगामांत त्या राजानं मला रडवलं. तळाला सुईएवढं भोक पडलं तरी सगळंच्या सगळं पिंप ट्रॉलीत चढवून वारंगा फाट्याला न्यावं लागायचं. तिथं रस्त्याच्या कडेला एका वेल्डरचं दुकान होतं. त्याला सगळे चाचा म्हणायचे. पांढरी दाढी, एका डोळ्यावर सतत खाली ओढलेली काळी काच, आणि तोंडात कायम दुसऱ्याच्या यंत्राची निंदा. माझं पिंप तिसऱ्यांदा दारात आलं तेव्हा त्यानं हातोडीनं त्याच्या पोटावर टकटक केलं, डॉक्टरनं पेशंटला करावं तसं.

"नाटकवाले," तो म्हणाला. तो मला कायम नाटकवालेच म्हणायचा. "तुमच्या नाटकात एकच माणूस राजा बी व्हतो, परधान बी व्हतो, अन् पडदा बी वढतो का?"

"न्हाई."

"मंग मशीनमधी काहून? हा एकटा आजारी पडला की तुझं समदं नाटक बंद. ह्याला काप."

"काय?"

"काप. पाणी तापवणारा येगळा कर. हळद शिजवणारा येगळा. वाफ मधल्या पाइपातून जाऊ दे. एक बिमार पडला तर दुसरा बराबर खडा राहतो."

मला ते ऐकवलं नाही. राजाचे तुकडे करायचे? पण घरी येऊन चार दिवस विचार केला आणि पाचव्या दिवशी ट्रॉली पुन्हा वारंग्याला नेली. चाचानं लगेच त्याचे तुकडे करायला घेतले. मी दुकानाच्या मागे जाऊन चहा घेतला, मला ते बघवलं नाही.

त्या वर्षी कुकरला एक बॉयलर आणि दोन ड्रम झाले. वाफ बॉयलरमधून एका मोठ्या पाइपात यायची, त्याला आम्ही मेन पाइप म्हणायचो, आणि मेन पाइपातून दोन्ही ड्रमांत जायची. छान चाललं. मग एके दिवशी एका ड्रमच्या झाकणाचं पॅकिंग फुटलं आणि दोन्ही बंद पडले, कारण वाफ अडवायला कॉक एकच होता, तोही बॉयलरच्या तोंडाशी. मी तणतणत चाचाकडे गेलो. त्यानं शांतपणे सांगितलं, "बराबर हाय. आता परत्येकाला सवतंत्र कॉक." पुढच्या वर्षी प्रत्येक ड्रमाला आपापला कॉक आला. त्याच्या पुढच्या वर्षी ड्रम तिसरा आला. ड्रम रिकामा करायला आधी दोन माणसं लटकायची, मग त्याला दोन्ही बाजूंनी बेअरिंग लागले आणि माझ्या बायकोनं एका हातानं उलटा करून दाखवला, वर मला म्हणाली, "एवढ्यासाठी दोन गडी लागत होते व्हय?"

चाचाच्या दुकानात एक तार टांगलेली होती. तिच्यात त्यानं मोडके तुकडे ओवून ठेवले होते: तडकलेल्या चकत्या, जळलेलं पॅकिंग, वाकलेले बोल्ट, दात गेलेला कॉक. मला वाटायचं भंगारवाल्यासाठी असतील. एकदा मी गमतीनं विचारलं, "चाचा, ही माळ कुणाच्या गळ्यात घालायची?" त्यानं एकेक तुकडा बोटानं हलवून सांगितलं. ही चकती पातळ होती म्हणून गेली, आता मी जाड कापतो. हे पॅकिंग रबराचं होतं, वाफेनं चिकट झालं, आता दोरीचं घालतो. हा बोल्ट कुणीतरी लांब पान्यानं आवळला. "जे मोडलं न्हाई त्याला मी हात लावत न्हाई," तो म्हणाला. "जे मोडतं तेवढंच चांगलं करतो. दरसाल एक-दोन मोडतात. दरसाल तेवढं चांगलं व्हतं." मी मान डोलावली. खरं म्हणजे मला त्या वेळी तो फार साधा माणूस वाटला होता. आपण मोठी उडी मारावी, सगळं एकदम नवं घ्यावं असं मला वाटायचं. पण ती मोठी उडी मी एकदा पिंपाच्या रूपानं मारून बसलो होतो.

चार ड्रम झाले तेव्हा मी त्यांना पात्रं वाटून दिली. राजा, प्रधान, सेनापती आणि विदूषक. अंगावर रंगानं लिहूनही घेतलं. विदूषक हा सगळ्यात शेवटचा, सगळ्यात ओबडधोबड ड्रम. नवीन काहीही आधी त्याच्यावर करून बघायचं, असा नियम मी केला. आधी आमच्या ड्रमांत वाफ तळाच्या एकाच भोकातून यायची, त्यामुळे खालची हळद शिजून वरची कच्ची राहायची. चाचानं भोकं पाडलेल्या पाइपाची फुली बनवली आणि ती फक्त विदूषकाच्या तळाला बसवली. आठवडाभर आम्ही चारही ड्रमांतली हळद शेजारी शेजारी मोडून बघितली. विदूषकाची वरून खालपर्यंत एकसारखी पिवळी होती. मग राजाला फुली मिळाली, मग बाकीच्यांना. विदूषक पडला तर लोक हसतात आणि खेळ पुढे चालतो. त्याच्यावर केलेले दोन प्रयोग सपशेल फसले, त्यातला एक तर माझाच होता, झाकणाला शिट्टी लावायचा. शिट्टी एवढी जोरात वाजली की शेजारच्या शेतातली बैलजोडी जू घेऊन पळाली. पण त्या दिवशीही तीन ड्रम मुकाट्यानं हळद शिजवत होते.

दरसाल लाकूड थोडं कमी लागायचं, एक खेप थोडी लवकर उतरायची, आणि मधेच बंद पडून माणसं तोंडाकडे बघत बसलीत असं होणं हळूहळू बंद झालं. मी मात्र ह्या शांततेनं जरा बिघडलो. दाबाच्या घड्याळावर पाहुण्यांना हात ठेवायला सांगायचो आणि "काका, तुमचं बीपी वाढलंय" म्हणून घाबरवायचो. आणि मग मी ती पाच बोल्टांची करामत केली.

डोंगरकड्याला माझ्या बायकोचा धाकटा भाऊ राहतो. त्याचाही कुकर आहे, चाचानंच बनवलेला, माझ्यासारखाच. मेहुणा असल्यामुळे तो हक्कानं यायचा आणि माझा एखादा ड्रम उसना न्यायचा. "दाजी, दोन दिवस विदूषक द्या." ड्रम परत यायचा तो काळा होऊन, एकदा तर पोचा पडून. जोडायला त्याला दहा मिनिटं लागायची, कारण चाचा सगळ्यांना एकच मापाचे सांधे करायचा. दोन पाइप जिथं तोंडाला तोंड लावतात तिथं लोखंडाची जाड चकती असते. तिच्यात चार भोकं, चार बोल्ट. वारंग्याच्या आसपास कुणाच्याही कुकरचं काहीही कुणालाही बसायचं.

मला तेच खुपायला लागलं. मी चाचाला म्हणालो, "माझ्या मेन पाइपाला अन् ड्रमांना पाच भोकांच्या चकत्या कर. दुसऱ्या कुणाचं बसलं न्हाई पायजे. माझं दुसऱ्याला गेलं न्हाई पायजे."

"वाफेला मोजता येतं का? चार बोल्ट हायेत का पाच?"

"वाफेला न्हाई. माझ्या साल्याला येतं."

चाचानं एक चकती उचलून उघड्या डोळ्यासमोर धरली, बोटानं तिची भोकं मोजली. मग म्हणाला, "बरं. पाच."

आठ दिवसांनी कुकर आला. पाच-पाच चकचकीत बोल्ट, वर लाल रंगाचे दोन जाड हात. मी गावोगाव लोकांना ते दाखवायचो. "हे पेशल हाय. ह्या भागात दुसरं न्हाई." मेहुणा आला, वाकून बघितलं, चहा पिऊन गेला. त्यानंतर त्यानं स्वतःसाठी एक जादा मेन पाइप बनवून घेतला, असं बायकोकडून कळलं. चाचानं मलाही तसा जादा पाइप ठेवायला सांगितलं होतं. ड्रम चार आहेत, त्यातला एक गेला तर तीन उरतात, पण मेन पाइप एकच, असं त्याचं म्हणणं. मी म्हणालो, पाच बोल्टांना काय व्हतंय?

आता याडीची गोष्ट.

आमच्याकडे तांड्यावर आईला याडी म्हणतात. आणि ज्या बाईचा शब्द चार घरांत चालतो तिला सगळा तांडाच याडी म्हणतो. ही याडी पंचावन्नच्या पुढची, अंगानं काटक, बोलायला मोकळी. तांड्यावर आजवर कुणी हळद लावली नव्हती. माळाची जमीन, तिथं हळद होत नाही असं सगळे म्हणायचे, आणि सगळ्यात मोठ्यानं म्हणायचे ते तिचे थोरले दीर. जमीन एकत्रातली, निर्णय त्यांचा. ओढ्याकाठच्या एका एकरात तिनं हट्टानं हळद लावली होती, ती ह्या अटीवर की नीट उतरली तर तो तुकडा हळदीचा, नाही तर पुढच्या मिरगापासून परत सोयाबीन. हे तिनंच मला सांगितलं, कुकरचा नंबर लावायला आली तेव्हा. "भाऊ, एकच साल दिलंय मला. तुमच्या मशीनवर हाय समदं."

मी छातीवर हात ठेवून वाकलो. "याडी, पाच बोल्टांचं मशीन हाय."

फाल्गुनातली सकाळ होती. ढिगात हळद चांगली भरलेली, बोटं लांब, माती धुऊन पिवळी दिसणारी. तिनं बॉयलरला हळदकुंकू लावलं. हळद शिजवणाऱ्याला हळद लावताना दरवर्षी मला हसू येतं, पण नारळ फोडेपर्यंत मी गंभीर चेहरा ठेवतो. दीर लिंबाखाली बाजेवर बसले होते, तोंडानं काही न बोलता सगळं बघत. त्यांच्याशेजारी याडीचा नवरा, तोही न बोलता. एक न बोलणं विरोधाचं आणि दुसरं सवयीचं होतं.

दुपारपर्यंत निम्मा ढीग उतरला. प्रत्येक खेपेला याडी स्वतः खराट्याची काडी घेऊन यायची आणि हळकुंडात खुपसायची. काडी आरपार गेली की शिजली. पुढची खेप भरून झाली, चारही ड्रम अर्ध्यावर आले, आणि बॉयलरच्या तोंडाशी फस्स असा आवाज झाला. पांढरी वाफ आडवी सुटली. मी आधी विस्तव ओढायला सांगितलं, मग वाकून बघितलं. मेन पाइपाच्या चकतीला तडा गेला होता, एका भोकापासून काठापर्यंत.

घड्याळाचा काटा खाली यायला लागला. याडी जवळ आली. "काय झालं, भाऊ?"

"किरकोळ हाय," मी म्हणालो. माझा आवाज राजाचाच होता, पण पाठांतर पुन्हा विसरलेलं होतं. लिंबाखालून दीर पहिल्यांदा बोलले. "अर्धी शिजलेली हळद परत शिजवली तर कशी व्हती, कुकरवाले?"

त्यांना उत्तर माहीत होतं. मलाही माहीत होतं. ती गार पडली की मग कितीही वाफ द्या, आतून काळी कडा धरते.

मी चाचाला फोन लावला.

"पयले चारी कॉक बंद कर," तो म्हणाला. "ड्रमाची वाफ ड्रमातच ऱ्हाऊ दे. वरून पोती टाक." मी धावत जाऊन चारही कॉक आवळले. "आता सांग, पॅकिंग गेलं का चकती?"

"चकती. तडा हाय."

"मंग पाइपच बदलावा लागंल. तुझ्या साल्याकडं जादा पडलाय. मागव."

"चाचा, त्याचा चार बोल्टांचा."

पलीकडे खोकला. "तू मागव तर. पाइप आला की परत फोन कर. अन् एक पातं ठेव जवळ, खरवडायला." फोन बंद.

मेहुण्याला फोन करायला माझं बोट उठेना. मी बायकोला केला. तिला म्हणालो, तू सांग तुझ्या भावाला.

"काहून? तुमची जीभ कुठं गेली? नाटकात तर लई चालती."

"अगं, इथं बाईची हळद..."

"त्याला सांगते. पण तो आला की पहिलं वाक्य तुमचं पायजे. चुकलं म्हणायचं. लहान असला म्हणून काय झालं?"

पाऊण तास गेला असेल. तो पाऊण तास मी अजून विसरलो नाही. याडी ड्रमांवरची पोती दाबत फिरत होती, मधून मधून हाताच्या मागच्या बाजूनं लोखंड गरम आहे का बघत होती. तिनं मला एकदाही दोष दिला नाही. एकदा फक्त म्हणाली, "राजा गरम हाय. परधान बी हाय. ह्यो इदूषक गार पडून राहिला." विदूषकाचा कॉक जुना होता, त्यातून थोडी वाफ निसटत होती. मला ते माहीत होतं आणि मी हंगाम संपल्यावर बघू म्हणून ठेवलं होतं.

मेहुणा मोटारसायकलवर आला. मागे एक माणूस, आणि त्याच्या मांडीवर आडवा ठेवलेला पाच फुटी पाइप. रस्ताभर समोरून येणाऱ्यांना कडेला उतरावं लागलं असणार. तो उतरला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"पाहुणं," मी म्हणालो, "चुकलं."

"काय चुकलं दाजी? मोठ्यानं बोला, तांड्याला ऐकू येऊ द्या. राजाचा आवाज हाय न् तुमचा."

मी मोठ्यानं बोललो. मग चाचाला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"आता बॉयलरच्या बाजूच्या चकतीवरचा लाल रंग खरवड," चाचा म्हणाला. "बोल्टांच्या मधी मधी."

मी पातं घेतलं. दोन जाड हातांचा रंग निघाला, खाली भोकं बुजवायची करडी लांबी, म्हणजे पुट्टी दिसली, कडक झालेली. तीही निघाली. आत भोक होतं. मेहुणा माझ्या खांद्यावरून वाकला आणि मोजायला लागला. पाच माझी, आणि लांबीखाली बुजवलेली तीन. एक भोक दोन्ही मापांत सामाईक येत होतं, म्हणून चारसाठी तीनच जादा लागली होती.

"आठ!" मेहुणा ओरडला. "दाजी, तुमचं तर डबल पेशल निघालं!"

"चाचा," मी म्हणालो, "हे काहून केलं?"

"तुला पाच पायजे व्हती, मशीनला चार," फोनमधून आवाज आला. "दोघांचं बी काम केलं. ड्रमांच्या चकत्या बी तशाच हायेत. आता बोलत बसू नको, हळद गार व्हतीय."

सगळ्यांनी मिळून ड्रमांच्या चकत्याही खरवडल्या, आणि चार-चार बोल्ट बसायला खरंच दहा मिनिटं लागली. पान्यानं आवळताना मेहुणा प्रत्येक बोल्टाला "हा दाजींचा, हा आमचा" म्हणत होता. बॉयलरखाली परत विस्तव घातला, काटा वर चढला, मी आधी राजाचा कॉक उघडला, मग प्रधानाचा, मग सेनापतीचा, शेवटी विदूषकाचा. याडी काडी घेऊन उभी राहिली. तिघांतली हळद व्यवस्थित उतरली. विदूषकातलं हळकुंड तिनं मोडलं आणि मला न दाखवता आधी दिरांना दाखवलं. आतल्या कडेला बारीक काळी रेघ होती. मग तिनं ती खेप वेगळ्या ताडपत्रीवर टाकली, एका टोकाला, बाकीच्या हळदीपासून लांब. उरलेला ढीग दिवस मावळायच्या आत संपला. मेहुणा शेवटपर्यंत थांबला, त्याच्या कुकरवर माणसं वाट बघत होती तरी.

दुसऱ्या दिवशी मी वारंग्याला जाऊन तडकलेला पाइप चाचाला दिला. त्यानं त्याची चकती कापून तारेत ओवली. चकतीवर पाचही बोल्ट सारखे आवळले गेले नव्हते, एका बाजूला ताण आला होता, असं त्यानं दाखवलं. चार असते तर आमच्या हातांना सवय होती. मी त्याच्याशी भांडायला गेलो होतो, पण त्यानं मला स्टूल पुढे सरकवलं आणि मी बसलो. विदूषकासाठी नवीन कॉक घेतला, आणि जादा मेन पाइपही. चार भोकांचा.

पंधरा-सोळा दिवसांनी मी तांड्यावर गेलो. काम काहीच नव्हतं. सांगायला निमित्त होतं की ट्रॉलीची साखळी विसरली, पण याडीनं माझ्याकडे बघितलं आणि साखळी शोधायलाही कुणाला पाठवलं नाही. हळद वाळली होती. हळद वाळली की नाही हे कानानं कळतं, मोडली की टणकन आवाज यावा लागतो. दीर ताडपत्रीजवळ उकिडवे बसले होते. त्यांनी मधून एक हळकुंड उचललं, मोडलं, आवाज ऐकला. आतला रंग बघितला. दुसऱ्या कोपऱ्यातलं मोडलं. तिसरं मोडलं. मग उठून ते त्या टोकाच्या वेगळ्या ताडपत्रीकडे गेले आणि तिथलंही एक मोडलं. काळी रेघ स्पष्ट दिसली.

"हे काहून असं?" त्यांनी विचारलं.

याडीनं डोक्यावरचा पदर नीट केला. "दादा, ती इदूषकाची हाय. मशीन थांबलं तवाची."

"मशीनचा दोष का जमिनीचा?"

ती माझ्याकडे बघत नव्हती, पण थांबली होती. मी पुढे झालो. "दोष माझा," म्हणालो, आणि मग काय, सगळं सांगितलं. साल्यावरचा राग, पाच बोल्ट, लाल रंग, लांबीखालची तीन भोकं. तोवर आठ-दहा माणसं जमली होती. मी आजवर अशी गोष्ट कधी सांगितली नव्हती, ज्यात सगळ्यात येडा मीच असेन. लोक पोट धरून हसले. याडीचा नवरा हसताना मी पहिल्यांदाच बघितला. दीर हसले नाहीत. ते लोकांचं हसणं संपायची वाट बघत होते.

"म्हंजी जमिनीचा न्हाई," ते म्हणाले.

"जमिनीचा न्हाई."

त्यांनी हातातले तुकडे ताडपत्रीवर टाकले, हात झटकले. "मंग ऱ्हाऊ दे तो तुकडा तिच्याकडं." आणि जायला निघाले. दोन पावलं गेल्यावर वळले. "पुढच्या लावणीचं बेणं ठेवलंस का? का समदीच शिजवली?"

"ठेवलंय की."

"किती?"

तिनं घरामागच्या चिंचेखाली बोट दाखवलं. सावलीत पाल्यानं झाकलेला कच्च्या हळदीचा ढीग होता. तो काढणीच्या दिवशीच बाजूला काढलेला होता, कुकर यायच्या आधी, शिजायच्या आधी, काही ठरायच्या आधी. दिरांनी जवळ जाऊन पाला उचलला. एवढ्या वर्षांत बेण्याचा ढीग बघून मलाही अंदाज येतो. एका एकराला लागतो त्याच्या चांगला दुप्पट होता.

"हे तर दोन एकराचं हाय," ते म्हणाले.

"व्हय," याडी म्हणाली.

त्यांनी ढिगाकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग उगाचच माझ्याकडे. मी दोन्ही हात वर केले. बेण्याशी माझा खरोखरच काही संबंध नव्हता.